ऐंशीवर थांब

देवसायनं लॅपटॉप आणला तेव्हाच तो म्हातारा होता,
नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसानं काढून टाकलेला,
झाकणावर एक नंबर, खरवडूनही न निघालेला.
विंडोज त्याला पेलवेना, म्हणून देवसायनं लिनक्स टाकलं.
ग्रामसभेत ठराव झाला:
तेंदूपानाचा हिशोब यापुढे यात. ठेवणार रजुला हलामी.
रजुला म्हणजे मी.

पहिल्या वर्षी रात्रंदिवस तारेला बांधून ठेवला त्याला.
लाईन आहे तोवर भरून घ्यावं,
हे कोसमटोल्यात कोणाला शिकवावं लागत नाही.
मोबाईल, टॉर्च, हंडे, टाकी, सगळं काठोकाठ.
शंभरचा आकडा पाहिला की झोप चांगली लागायची.

मग देवसायनं एकदा काळ्या खिडकीत दोन आकडे काढले.
कारखान्यातून निघाली तेव्हा बॅटरी सत्तेचाळीस.
आता काठोकाठ भरली तरी एकतीस.
"मधले सोळा कुठं गेले?"
मी हिशोबवाली, मला तेवढंच सुचलं.
"भरून भरून गेले," तो म्हणाला,
"आणि या पत्र्याखाली शिजून."

तेव्हापासून ती ओळ,
सुडोपासून एंटरपर्यंत तोंडपाठ:
पंचाहत्तरच्या खाली गेली तर भर. ऐंशीवर थांब.

आता वायर लावलेली असते, लाईन असते, आकडा हलत नाही.
येणारा जाणारा विचारतो, "काहून जी, अडकला का?"
सचिवसाहेबांनी चार्जरची पिन काढून, फुंकून, पुन्हा लावून पाहिली.
बिरजो काकी एवढंच म्हणाली,
"एक घास कमी खाते म्हणा."

अपडेट आलं की तो कधीकधी हे विसरतो.
मी आधी तेच पाहते, मग बाकीचं.
पावसाळ्यात काम नसतं. निम्म्यावर आणून बंद करते,
लोखंडी कपाटात नाही, मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात,
आणि महिन्याकाठी एकदा उठवून विचारते, आहेस ना?

फक्त फडीच्या पंधरा दिवसांत नियम मोडते.
आदल्या रात्री पूर्ण शंभर.
दिवसा मोहाच्या सावलीत, बांबूच्या टोपलीत,
वायफाय बंद, ब्लूटूथ बंद,
उजेड इतका कमी की माझा मलाच दिसावा.

यंदा सहाव्या दिवशी लाईन दुपारीच गेली.
अंधार पडला तरी पानं येतच होती.
सत्तर पानांचा पुडा, पुड्यांच्या रांगा,
ठेकेदाराचा मुन्शी टॉर्च दातात धरून वहीत लिहितोय,
आणि मी त्याच्या आकड्यासमोर आमचा आकडा.
झुरू नरोटी, दोनशे दहा. बावीस टक्के.
सनको, एकशे पंच्याण्णव.
पोटावींची तिघं, एकाच नावावर लिही म्हणतात, नाही लिहिलं.
अकरा टक्के. सात.
काकी रांगेत शेवटी, नेहमीसारखी. लेकुरवाळ्यांना पुढे सोडते.
"एकशे चाळीस," मुन्शी म्हणाला.
"एकशे चौवेचाळीस," काकी म्हणाली.
पुन्हा मोजलं, हातानं, रांग धरून. चौवेचाळीस.
मी नाव लिहिलं, पुढच्या चौकोनात गेले,
आणि स्क्रीन काळी झाली.

"आलं का माझं?"
"माहीत नाही, काकी."
मुन्शीचाच पेन मागितला
आणि डाव्या तळव्यावर लिहून घेतलं.

लाईन दुसऱ्या दिवशी दहाला आली.
काकीचं नाव होतं, पुढचा चौकोन रिकामा.
तळवा उघडून भरला.
मग सहज ते दोन आकडे काढले.
सत्तेचाळीस तिथंच आहे, ते कधी बदलत नाही.
दुसरा अठ्ठावीस.
तीन वर्षांत तीनच गेले.
काकीला सांगायला हवं, तिला घासाचा हिशोब कळतो.

शंभर करायचं होतं, संध्याकाळी पुन्हा फडी.
पण तासभर तरी, म्हटलं, राहू दे.
अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी.
ऐंशीवर थांबला.
मग मी उठून हात धुतला.